गगनबावड्याची वाइन का नसते?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही गगनबावड्याला गेलो होतो. दुपारचे सत्र आटोपल्यावर सगळेजण पाय मोकळे करायला करूळ घाटाच्या तोंडाशी गेले. रस्त्याच्या कडेला शाळकरी मुले पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे घेऊन बसली होती. एका शिक्षिकेने करवंदांचा द्रोण घेतला, दोन-चार तोंडात टाकली आणि सहज विचारले, "नाशिकची वाइन म्हणतात, गोव्याची फेणी म्हणतात. मग गगनबावड्याची वाइन का नाही? फळे इथेही आहेत, आणि पाऊस तर कुणाहीपेक्षा जास्त आहे!"

प्रश्न थट्टेत विचारला होता. सगळे हसले. पण संध्याकाळी त्याचे उत्तर जुळवायला बसलो तेव्हा लक्षात आले, की यात भूगोल आहे, वनस्पतिशास्त्र आहे, रसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र आहे, इतिहास आहे आणि कायदाही आहे. एखाद्या पदार्थाला गावाचे नाव कसे चिकटते, हा त्यामागचा खरा प्रश्न. कोल्हापूरच्या माणसाला तो नवा नाही. गूळ, चप्पल, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ ही सगळी गावाच्या नावाने ओळखली जाणारी मंडळी. वाइनचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच, की जागेचा आणि चवीचा संबंध या पदार्थाच्या बाबतीत जगभर फार बारकाईने तपासला गेला आहे. हा लेख मद्यपानाची शिफारस नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकू या.

रेणूला गाव नसते

किण्वन म्हणजे काय हे आपण शाळेत शिकवतो. यीस्ट नावाची एकपेशीय बुरशी साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. हिशेब सोपा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. व्यवहारात सांगायचे तर, एक लिटर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर असली की त्यातून एक टक्का मद्यार्क तयार होतो. पिकलेल्या वाइनच्या द्राक्षाच्या एक लिटर रसात २२० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणून वाइनमध्ये १२-१३ टक्के मद्यार्क येतो.

हेच यीस्ट आणि हीच क्रिया कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही चालते. तिथे मळी किंवा उसाचा रस आंबवून, पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क मिळवतात, त्यातले उरलेले पाणीही काढून टाकतात आणि तो पेट्रोलमध्ये मिसळतात. आपल्या देशात हे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर पोहोचले. आता गंमत पाहा. आपल्या मोटारसायकलच्या टाकीतला मद्यार्क असळजच्या उसाचा की लातूरच्या, असे कुणी विचारत नाही. विचारूनही उपयोग नाही, कारण दोन्ही अगदी सारखेच. मद्यार्काच्या रेणूला गाव नसते.

वाइनमध्ये साधारण ८५ टक्के पाणी आणि १२-१३ टक्के मद्यार्क असतो. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत आम्ले, ग्लिसरॉल, थोडी साखर, क्षार, रंगद्रव्ये, तुरट टॅनिने आणि वास देणारी शेकडो संयुगे दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांतली काही संयुगे इतकी थोडी असतात, की लिटरमागे मिलिग्रॅमचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी मोजावे लागते. गावाचा पत्ता असतो तो या दोन-तीन टक्क्यांत. तो तिथे लिहितो कोण, हे आता क्रमाने पाहू.

सव्वाशे किलोमीटरचा प्रयोग

नकाशा उघडून गगनबावड्यावर बोट ठेवा आणि ते पूर्वेकडे सरकवत न्या. गगनबावडा सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. वर्षाची सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात जाते. सुमारे ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापुरात ती हजार मिलिमीटरच्या आसपास उतरते. तिथून सांगलीमार्गे आणखी ७०-७५ किलोमीटर गेलो की तासगाव. तिथे पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर. अवघ्या सव्वाशे किलोमीटरमध्ये पाऊस दहापट कमी होतो! निसर्गाने जणू एक प्रयोगच मांडून ठेवला आहे: उंची, अक्षांश आणि ऊन यांत फार फरक नाही, बदलला आहे तो मुख्यतः पाऊस.

या वाटेवर पिके कशी बदलतात? घाटमाथ्यावर भात, नाचणी आणि जंगलातली करवंदे-जांभळे. कुंभी, भोगावती, पंचगंगेच्या खोऱ्यांत ऊस आणि गुऱ्हाळे. आणि पाऊस संपत आला, की द्राक्षबागा सुरू.

शिक्षिकेच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथेच आहे. पाऊस भरपूर आहे, म्हणूनच गगनबावड्यात द्राक्ष होत नाही. द्राक्षवेलीचा एक मोठा शत्रू म्हणजे बागायतदार ज्याला केवडा किंवा डाऊनी म्हणतात तो रोग. त्याच्या जंतूचे चल बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या छिद्रांतून आत शिरतात. पान वाळलेले असले तर त्यांचे काही चालत नाही. जून ते सप्टेंबर जिथे पान कोरडे होण्याची संधीच मिळत नाही, तिथे वेलीचे काय होईल ते सांगायला नको.

हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये १८७८ च्या सुमारास पोहोचला आणि त्याने तिथल्या बागा झोपवल्या. बोर्डो भागात रस्त्याकडेचे शेतकरी द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत असत. त्या वेलींवर रोग कमी आहे हे बोर्डो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे यांनी हेरले आणि १८८५ मध्ये या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. घाट उतरल्यावर कोकणातला सुपारीबागायतदार कोळेरोगासाठी जे 'बोर्डो मिश्रण' फवारतो ते हेच. एका वाइनच्या गावाचे नाव असे आपल्या सुपारीच्या बागेपर्यंत येऊन पोहोचले आहे.

एका वर्षात दोन छाटण्या

पण कोरड्या हवेत वेल लावली की काम झाले असेही नाही. द्राक्ष मुळात थंड हिवाळ्याच्या प्रदेशातले झाड. फ्रान्स-इटलीत थंडीत पाने गळतात, वेल झोपते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबरच्या सुमारास फळ तयार होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. ती सदाहरित राहते आणि बेशिस्त वाढते.

यावर इथल्या शेतकऱ्यांनी व संशोधकांनी मिळून जे उत्तर काढले, ते फार सुंदर आहे. वर्षातून दोनदा छाटणी करायची आणि पीक एकदाच घ्यायचे. एप्रिलमधली ती खरड छाटणी. तिच्यानंतर नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या कडक उन्हात त्या काड्यांवरच्या डोळ्यांमध्ये पुढच्या घडाची सूक्ष्म रचना तयार होते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण घड आत ठरलेला असतो. मग पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करायची. त्या डोळ्यांतून घड बाहेर पडतो, थंडीच्या कोरड्या दिवसांत वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये पिकतो. थोडक्यात, युरोपात उन्हाळ्याच्या शेवटी जे घडते ते आपण हिवाळ्याच्या शेवटी घडवून आणतो. खरड आणि गोडी हे शब्दसुद्धा त्या मातीतलेच. जागेची ओळख म्हणतात ती केवळ निसर्गाने दिलेली नसते, तर कात्री चालवणाऱ्या हातांनीही घडवलेली असते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हिवाळ्यात पिकण्याचा एक फायदा आहे. फळातले मॅलिक आम्ल श्वसनात जळत असते, आणि उष्णता वाढली की ते वेगाने जळते. नाशिकच्या परिसरात जानेवारीत दिवसा उबदार ऊन आणि रात्री चांगला गारवा असतो. दिवसाच्या उन्हात साखर भरते, रात्रीच्या गारव्यात आम्ल टिकते. पीक एप्रिल-मेपर्यंत लांबले तर साखर येईल पण आंबटपणा उडून जाईल, आणि अशी वाइन बेचव लागते.

चव मातीतून येते का?

"मातीची चव उतरली आहे," असे आपण उसापासून आंब्यापर्यंत सगळ्याविषयी म्हणतो. वाइनबाबत तर चुनखडीच्या जमिनीत चुनखडीची आणि पाटीच्या दगडात दगडाची चव येते, असे सर्रास लिहिले जाते. शब्दशः पाहिले तर हे खरे नाही. खडकाला स्वतःला वासही नसतो आणि पाण्यात न विरघळणारा खडक चवीलाही लागत नाही. मुळे शोषतात ते विरघळलेले आयन, आणि पोटॅशियम-कॅल्शियम वगैरे आयन वाइनमध्ये ज्या प्रमाणात असतात त्यांतून खडकाची चव ओळखू येणे शक्य नाही.

मग माती काय करते? ती प्रामुख्याने पाण्याचा हिशेब ठेवते. फ्रान्समधील बोर्डो भागात झालेल्या दीर्घ अभ्यासांतून असे दिसले, की चांगल्या बागांच्या मातीचे रासायनिक घटक एकमेकांहून भिन्न असू शकतात. त्यांच्यात समान असते ती पाणी बेताने आणि सावकाश देण्याची सवय. मणी पिकू लागताना वेलीला थोडी तहान लागली, तर ती पाने-फांद्यांची वाढ थांबवते आणि मणी लहान राहतात.

लहान मण्याचे महत्त्व भूमितीने समजते. रंग, टॅनिन आणि बराचसा वास सालीत असतो, तर रस गरात. गोलाच्या पृष्ठफळाचे घनफळाशी प्रमाण व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. १८ मिलिमीटर व्यासाच्या, खाण्याच्या टपोऱ्या मण्याशी तुलना केली, तर १२ मिलिमीटरच्या वाइनच्या मण्यात तेवढ्याच रसामागे दीडपट साल मिळते. म्हणून बाजारात ज्या मण्याला भाव मिळत नाही, तोच वाइनला हवा असतो. नववी-दहावीच्या वर्गात पृष्ठफळ-घनफळाचे हे उदाहरण जरूर घ्यावे.

डोळ्यांना न दिसणारे गावकरी

पिकलेल्या द्राक्षावर किंवा जांभळावर एक पांढुरकी लव दिसते. ते यीस्टच असते, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात तो मेणाचा थर असतो. यीस्ट त्यावर असते, पण डोळ्यांना दिसेल इतके नाही. आणि वाइन करणारे प्रसिद्ध सॅकरोमायसीस सेरेव्हिसी हे यीस्ट तर धड, न फुटलेल्या फळावर फारच क्वचित सापडते. तिथे वेगळ्याच जातींची वस्ती असते. रस काढला की त्या आधी काम सुरू करतात. मद्यार्क वाढला की त्या मरतात आणि सॅकरोमायसीस पुढची सूत्रे हाती घेते. मग हे हिवाळाभर राहते कुठे? इटलीतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की गांधीलमाश्यांच्या आतड्यांत ते तग धरून राहते आणि त्या ते आपल्या पिल्लांना भरवतात. म्हणजे द्राक्षबागेच्या आसपासची झाडी आणि कीटक हेही चवीचे भागीदार ठरले.

हे यीस्ट जागेजागेनुसार वेगळे असते का? न्यूझीलंडच्या सहा प्रदेशांतून सॅकरोमायसीसचे नैसर्गिक वाण गोळा करून एकाच प्रकारचा रस त्यांनी आंबवून पाहण्याचा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रस एकच, यीस्ट वेगवेगळ्या प्रदेशांतले. तयार झालेल्या वाइनमधील वासद्रव्यांत प्रदेशानुसार फरक आढळला. आज मोठ्या वायनरींत बहुधा पाकिटातले, आयात केलेले यीस्ट वापरतात. त्यामुळे आंबवण भरवशाचे होते, पण गावातल्या या सूक्ष्म गावकऱ्यांचा आवाज दबतो.

घाट उतरल्यावर: एकच बोंडू, दोन नशिबे

आता बोट गगनबावड्यावरून पश्चिमेला वळवा. करूळ घाट उतरला की वैभववाडी, आणि तिथून दक्षिणेला सावंतवाडी-बांद्यावरून गोवा. काळी माती मागे राहिली, जांभा दगड लागला. इथे राज्य काजूचे.

काजू मूळ ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो इकडे आणला. 'काजू' हा शब्दही ब्राझीलमधल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आला. गोव्यात काजूच्या बोंडूचा रस काढून आंबवतात. पारंपरिक पद्धतीत झाडावरून तोडलेले नव्हे तर पिकून पडलेले बोंडू वेचतात, पायांनी तुडवतात, आणि चोथा दाबून ठेवल्यावर जो रस ठिबकतो त्याला निरो म्हणतात. आंबवलेला रस भाटीत एकदा तापवला की उर्राक, पुन्हा तापवला की फेणी. ही वाइन नव्हे, ऊर्ध्वपातित मद्य आहे. पण डिस्टिलरीतल्या उंच मनोऱ्यांसारखे ते पूर्ण शुद्ध केले जात नाही, त्यामुळे बोंडूची वासद्रव्ये मद्यार्काबरोबर वर येतात आणि टिकतात. शुद्धता वाढली की गाव हरवते, हा नियम इथे उलट्या बाजूने दिसतो. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय ठरवले.

सीमेच्या अलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले. दगड तोच, पाऊस तोच, काजू तोच. उलट वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती कोकणभर लावल्या जातात. पण इथला बोंडू बहुतांशी बागेतच कुजतो, कारण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य गाळणे हा गुन्हा आहे. वेंगुर्ल्याची ओळख म्हणून राहिली ती काजूगराची. सीमेच्या पलीकडे जो वारसा, तो अलीकडे गुन्हा. या उदाहरणावरून स्पष्ट होते, की माती आणि हवामान जुळले तरी पुरत नाही. ओळख ठरवण्यात कायद्याचा आणि लोकांच्या सवयीचा वाटा फार मोठा आहे.

नाव कोणाचे, भार कोणावर?

गावाच्या नावाला किंमत आली, की ते कोणी लावायचे यावरून भांडणे होतात. १९११ मध्ये फ्रान्सच्या शँपेन भागात नेमके हेच झाले. बाहेरची द्राक्षे आणून शँपेन बनवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले, तळघरे फोडली गेली, लष्कर बोलवावे लागले. शेजारच्या ओब जिल्ह्याला शँपेन म्हणायचे की नाही, हाही वाद होता. अशा अनुभवांतून १९३५ मध्ये फ्रान्सने नावाचा देशव्यापी कायदा केला. कोणत्या हद्दीतील, कोणत्या जातीची, कशी छाटलेली द्राक्षे वापरली तर ते नाव लावता येईल, हे सगळे ठरले.

आपल्याकडचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. तो २००३ मध्ये अमलात आला. नाशिक व्हॅली वाइन, सांगलीचा बेदाणा, कोल्हापूरचा गूळ या सर्वांना त्याखाली नोंद मिळाली. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे. २०२५ मध्ये एका इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला मंचावर आणल्या तेव्हा कारागिरांचा झालेला संताप आपल्याला आठवतच असेल. शँपेनचे शेतकरी आणि आपले चप्पल कारागीर यांचे दुखणे एकाच जातीचे आहे.

पण नाव मिळाले म्हणजे शेतकऱ्याचे भले झाले, असे समजू नये. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, आणि नाशिकजवळ विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क योजले. नाशिकने वाइनचे गाव म्हणून नाव कमावले. तासगाव-सांगलीची खरी ओळख मात्र बेदाण्याची राहिली. तिथली कोरडी हवा आणि बिनबियांची गोड द्राक्षे बेदाण्याला उत्तम. शिवाय त्यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे. खाण्याचे द्राक्ष विकले गेले नाही तर शेडवर टाकून त्याचा बेदाणा करता येतो. वाइनचे लहान, बियांचे, जाड सालीचे द्राक्ष वायनरीने घेतले नाही तर त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. २००८ नंतरच्या मंदीत हेच घडले. अनेक वायनरींकडे माल पडून राहिला आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या बागा तोडून टाकल्या. बाटलीवर नाव गावाचे असते. तोटा मात्र एकेका घराला सोसावा लागतो.

शिवाय ज्या जागेवर ही ओळख उभी असते ती जागाही आता स्थिर राहिलेली नाही. फ्रान्समधील बोन या गावी १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा उपलब्ध आहेत. १९८८ नंतर ही तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस लवकर होऊ लागली आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळाचा पाऊस गोडी छाटणीनंतरच्या कोवळ्या घडांवर पडला आणि केवड्याने बागा नेल्या. मार्च २०१४ मध्ये गारपिटीने तयार पीक झोडपले. सगळे गणित ज्या कोरड्या हिवाळ्यावर बेतले आहे, त्याच्यावरच विसंबता येईनासे झाले, तर गावाच्या नावाचे काय होणार, हा उद्याचा प्रश्न आहे.

डोक्यातले गाव

एक गोष्ट उरली. चवीतले गाव किती जिभेवर आणि किती डोक्यात? १९७६ मध्ये पॅरिसला लेबले झाकून केलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनीच पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला. पुढे २००१ मध्ये बोर्डोत एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग मिसळून ती वाइनचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दिली. आदल्या वेळी तिच्या वासाचे वर्णन त्यांनी पांढऱ्या वाइनला शोभेल असे केले होते. रंग बदलताच तांबड्या वाइनचे सगळे शब्द आले! म्हणजे नाव, रंग आणि अपेक्षा यांचाही चवीत वाटा असतो. याचा अर्थ गावाचे वैशिष्ट्य खोटे असा घेऊ नये. वर पाहिलेली साखर, आम्ले आणि वासद्रव्ये उपकरणांनी मोजता येतात. पण मोजलेला फरक आणि मिरवलेला फरक, या दोहोंची गल्लत करू नये.

पुन्हा करवंदाकडे

आता त्या शिक्षिकेच्या द्रोणाकडे वळू. करवंदाची वाइन होऊ शकते का? तत्त्वतः होते; जांभूळ-करवंदाच्या वाइन प्रयोगशाळांत आणि लहान उद्योगांत बनवल्या गेल्या आहेत. रंगद्रव्ये आणि आम्ल तर करवंदात मुबलक. अडचण साखरेची. समजा, एक लिटर रसात १०० ग्रॅमच साखर निघाली, तर मद्यार्क सहा टक्क्यांच्या आसपास येईल आणि इतक्या कमी मद्यार्काचे पेय हवा लागली की लवकर बिघडून शिरका होते. म्हणून वरून साखर घालावी लागते. याला कमीपणा मानण्याचे कारण नाही; फ्रान्समध्येच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल यांनी १८०१ मध्ये ही पद्धत पुरस्कारली होती. दुसरी अडचण हंगामाची. करवंद-जांभूळ पिकते आणि पाठोपाठ घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. तोडणीला मिळतात मोजके दिवस, आणि झाडे रानात विखुरलेली. तिसरी अडचण म्हणजे द्राक्षामागे जसे हजारो वर्षांचे निवडीचे काम आहे, तसे करवंदामागे नाही. एकाच रानात एक झाड गोड, दुसरे आंबटढाण.

या सगळ्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली आहे. हाही त्या गावांच्या ओळखीचाच भाग आहे आणि त्यामागे सोसलेले संसार आहेत. आपल्या गावाचे नाव कशाला लागावे हे ठरवण्याचा हक्क त्यांनाही आहे. करवंदाचे सरबत, लोणचे, जांभळाचा रस यांतही त्या दोन-तीन टक्क्यांतला पत्ता शाबूत राहतोच.

तेव्हा गगनबावड्याची वाइन का नसते? पाऊस द्राक्षाला होऊ देत नाही, हे अर्धे उत्तर. करवंद निवडणारे, जपणारे, त्याचे नियम ठरवणारे हात अजून लागलेले नाहीत, हे उरलेले अर्धे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. तीन बाटल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर कोमट पाणी घ्या. पहिल्या दोन बाटल्यांत अनुक्रमे २० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम गूळ विरघळवून चिमूटभर बेकरीचे यीस्ट टाका. तिसरीत गूळ आणि ठेचलेली करवंदे, पण यीस्ट नको. तोंडाला फुगे बांधा. झाकण घट्ट लावू नका, बाटली फुटू शकते. कोणता फुगा आधी फुगतो? तिसरा फुगला, तर त्यात यीस्ट आले कुठून? फुग्यातला वायू चुन्याच्या निवळीत सोडा. प्रयोगानंतर द्रव ओतून द्यावा, चाखू नये.

२. करवंद किंवा जांभळाचा रस लिंबाच्या रसात, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात आणि चुन्याच्या निवळीत थेंब थेंब टाका. वाइनला रंग देणारी द्रव्ये याच कुळातली असतात. रंग का बदलतो?

३. लिंबाचे सरबत एका भांड्यात साधे ठेवा, दुसऱ्यात खाण्याचा लाल रंग मिसळा. मुलांना दोन्हींची चव शब्दांत लिहायला सांगा. त्यांनी वापरलेले शब्द वेगळे निघतात का, ते मोजा.

४. गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या पदार्थाची यादी करा: त्यात पावसाचे काय, मातीचे काय, जंतूंचे काय, हातांचे काय आणि कायद्याचे काय?

चौथ्या प्रयोगात आपल्या विद्यार्थ्यांना जे सापडेल, ते आम्हाला जरूर कळवा.